चौदा फोनांची सांगड

५ जानेवारी २०१५, सोमवार

आईचं म्हणणं, राग आला की भांडी आपटू नकोस, वहीत लिही. भांडी तिची आहेत. वही पप्पांची. जलसंपदा खात्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी नव्या वर्षाची एक डायरी त्यांना जुन्या ऑफिसातलं कुणीतरी आणून देतं. ते ती कपाटात ठेवतात आणि कधी उघडत नाहीत. यंदाची मला दिली. पहिल्या पानावर ‘चि. आम्रपाली दशरथ हिस, शांत चित्ताने लिहिण्यासाठी’ असं लिहून दिली. शांत चित्त असतं तर वही कशाला लागली असती?

आजचा राग अनिरुद्धवर. कॉलेजपासूनचा मित्र, गेल्या वर्षापासूनचा भागीदार. हडपसरची चांगली नोकरी सोडून मी त्याच्याबरोबर बुधवार पेठेत, एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाच्या वर, पंखासुद्धा धड फिरत नाही अशा खोलीत बसते. प्रोग्रॅम मी लिहिते, साहेब लोकांशी बोलतात.

पप्पांना समजावलं होतं तसंच इथे लिहिते. एका फोनचं इंटरनेट म्हणजे बारीक धार. तेवढ्यातून बातमीचं थेट चित्र स्वच्छ जात नाही, अडकतं. पण तिथे जमलेल्या दहाबारा जणांनी आपापल्या फोनमधलं थोडं थोडं इंटरनेट दिलं, तर आमचा प्रोग्रॅम त्या चित्राचे तुकडे करतो, प्रत्येक फोनवरून वेगळा तुकडा पाठवतो आणि पलीकडे पुन्हा जोडतो. मग वाहिनीला डोक्यावर तबकडी असलेली मोठी गाडी पाठवायला नको. एक पोरगी, एक कॅमेरा आणि आजूबाजूची माणसं, बस.

मी त्याला ‘सांगड’ म्हणते. नदी ओलांडायला भोपळे एकत्र बांधतात, ती सांगड. अनिरुद्धला ‘युनीबँड’ हवंय. लग्नात वाजवायला आलेत असं वाटतं. आज त्याने मला न विचारता कार्डं छापून आणली. युनीबँड. कार्डावर त्याचं नाव वर, माझं खाली. म्हणे अकारविल्हे लावलंय. अनिरुद्ध आणि आम्रपाली! याचं बारसं ठरवतानाच घरच्यांनी माझा नंबर दुसरा लावून ठेवला होता म्हणायचं.

२४ तारखेला एका बातम्यांच्या वाहिनीच्या बाई येणार आहेत, सरोजिनी मॅडम. त्यांनी हो म्हटलं तर सहा महिन्यांचं काम. नाही म्हटलं तर महिनाअखेरीस खोलीला कुलूप, आणि मी परत हडपसरला, ‘आलीस ना शेवटी’ असं म्हणणाऱ्या साहेबासमोर.

८ जानेवारी, गुरुवार

आज चाललं! ऑफिसातल्या ऑफिसात, चार फोनांवर. माझा, अनिरुद्धचा, खालच्या दुकानदाराचा आणि टेबलावर पडलेला ऑफिसचा जुना. चित्र एकदाही न अडकता वाहत गेलं.

लगेच भांडण. अनिरुद्ध म्हणाला, “कुठला फोन किती देतोय ते स्क्रीनवर दाखव.” मी म्हटलं नाही. किती फोन जोडलेत एवढाच आकडा दिसेल. आमच्या विहारात दानपेटी बंद असते. कुणी किती टाकलं ते कुणी वाचून दाखवत नाही. ज्याच्या फोनमध्ये थोडंच उरलंय त्याला सगळ्यांसमोर का उघडं पाडायचं? त्याच्या गणपती मंडळात वर्गणीच्या पावतीवर आकडा टाकून माइकवरून नावं पुकारतात, म्हणून त्याला हे कळत नाही.

“अगं, लोकांना नको दाखवू, निदान आपल्याला तरी दिसू दे,” म्हणाला. “उद्या बिघडलं तर शोधणार कसं?”

बिघडणार हे त्याने धरूनच ठेवलंय. मी लिहिलेलं आहे ना! मी नाही दाखवणार. प्रोग्रॅमचं ते पानच काढून टाकलं.

११ जानेवारी, रविवार

चार फोनांवर भागणार नाही. मॅडमना खऱ्या माणसांच्या खऱ्या फोनांवर दाखवायचं, तर आधी एकदा मोठी चाचणी हवी. पुढच्या रविवारी आमच्या गच्चीवर करायची असं ठरवलं. आज वारज्यातली आमची अख्खी इमारत पालथी घातली.

तसं अवघड नव्हतं. ही सोसायटीच पप्पांच्या पिढीने एकत्र येऊन उभी केलेली. सगळे सरकारी खात्यांतले, सगळे एकमेकांना ‘जय भीम’ घालत जिने चढणारे. एकाला सांगितलं की दहा तयार. सेक्रेटरी हिंमतराव काकांनी तर स्वतःचा आणि काकूंचा असे दोन फोन देऊ केले आणि कॅमेऱ्यासमोर बोलायलाही स्वतःच उभे राहणार म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

पप्पा सगळ्यांत खूश. “बघ, एकी! दोन वर्षांपूर्वी मी सगळ्यांना एका कंपनीत नेलं तेव्हा तू हसली होतीस.” ती त्यांची लाडकी गोष्ट. प्रत्येक घरी जाऊन, नंबर तोच ठेवून, सगळ्यांना एकाच कंपनीच्या ग्रुप योजनेत बसवलं. आपापसात बोलणं फुकट. तेव्हापासून ते मला हॉलमधून स्वयंपाकघरात फोन करतात. ‘चहा होतोय का?’ फुकट आहे ना, मग! मला अशा वेळी फोन खिडकीबाहेर भिरकावावासा वाटतो.

तेरा फोन झाले. चौदावा तिसऱ्या मजल्यावरच्या मुक्ताईने दिला. ती आणि तिचा नवरा नागोराव भाड्याने राहतात, वाशीमकडचे. तो हडपसरच्या कारखान्यात, ती मागच्या मुलींच्या होस्टेलवर पोळ्या करते. जिन्यात मला थांबवून म्हणाली, “ताई, माहा फोन चालन का? जुना हाये. तुमच्या त्या ग्रुपातला बी नाई. आमच्या गावाले दुसऱ्या कंपनीची रेंजच येत नाई, म्हणून आमी बदललाच नाई.”

म्हटलं चालेल की, फोन तो फोन. अर्ध्या तासाचा मोबदला म्हणून प्रत्येकाला एक रिचार्ज देणार आहोत, तेही सांगितलं. लाजली. म्हणाली, “रिचार्जसाठी नाई देत जी मी.”

१३ जानेवारी, मंगळवार

अनिरुद्धचा मेसेज: ‘कुणाकुणाचे कुठले फोन आहेत, जरा सविस्तर पाठव.’

म्हणजे माझ्यावर विश्वास नाही. मी लिहिलं, ‘चौदा आहेत. मोजता येतात मला.’ त्यावर त्याचं उत्तर: ‘चौदा! भारी. तुमच्याकडे युनिटी असतेच.’

‘तुमच्याकडे.’ हे ‘तुमच्याकडे’ मी पहिलीपासून ऐकत आलेय. सोसायटी म्हणून म्हणाला असेल, कुणी सांगावं. पण आठ वर्षांची मैत्री असूनही माणूस जेव्हा ‘तुमच्याकडे’ म्हणतो, तेव्हा कान आपोआप टवकारतात, त्याला मी काय करू? उत्तर दिलं नाही. सविस्तरही पाठवलं नाही.

१८ जानेवारी, रविवार

पेन इतकं दाबतेय की पान फाटतंय. अक्षर बघून आई म्हणेल, भांडीच आपटायची होतीस.

चार वाजता गच्चीवर सगळे जमले. सतरंज्या, पाण्याचा माठ, कुणीतरी चिवडाही आणला. सहल निघाल्यासारखी. मी नियम सांगितला: अर्धा तास कुणी हलायचं नाही, फोन सतरंजीवर ठेवायचा, कॉल आला तर कापायचा. सगळे ‘हो हो’. अनिरुद्ध बुधवार पेठेतल्या खोलीत, लॅपटॉपसमोर. मी फोन कानाला लावून उभी. हिंमतराव काका कॅमेऱ्यासमोर, इस्त्रीच्या कपड्यांत, वारज्याच्या पाणीकपातीवर.

सुरुवातीलाच चित्र अडकलं. तेरा फोन जोडलेले दिसत होते आणि काकांचं तोंड उघडं ते उघडंच. अनिरुद्ध तिकडून म्हणतोय, “काकांचा पुतळा झालाय.” मी म्हटलं, थांब, गरम व्हायला वेळ लागतो. गरम व्हायला, म्हणे! मी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमबद्दल मी असं बोलले, कारण दुसरं सुचेना.

मग होस्टेलवरून मुक्ताई आली, धापा टाकत, हाताला पीठ तसंच. फोन ठेवला. चौदा. आणि चित्र सुरू झालं! फार स्वच्छ नाही, पण वाहायला लागलं. अनिरुद्ध ओरडला, “आलं, आलं!” पप्पांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जमलं. मॅडम येऊ देत, अजून कुणी येऊ देत.

दहा मिनिटंही झाली नसतील. मुक्ताईचा फोन वाजला. तिने कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा कापताना तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, नाही. ती बसून राहिली, फोनकडे बघत. मग एकदम उठली, फोन घेतला आणि जिना उतरून गेली. मी हाक मारली, तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

चित्र तिथल्या तिथे मेलं. तेरा माणसं जागची हलली नाहीत, तेरा फोन जोडलेले होते, तरी पुन्हा उठलंच नाही. एका माणसाने मध्येच तुकडे घेऊन पळ काढला की बाकीचे तुकडे त्याची वाट बघत बसतात, दुसरं काय! अनिरुद्ध कानात म्हणत होता, “हे असंच झालं तर चोवीसला काय दाखवायचं?” मला तो आवाज सहन होईना.

ती परत आली तेव्हा मी सगळ्यांसमोर बोलले. काय बोलले ते लिहिते, सगळं आठवतंय. “अर्धा तास एका जागी बसता येत नाही? तेरा माणसं बसली आहेत ती काय वेडी आहेत? तुझ्या एका फोनपायी सगळ्यांचं वाटोळं केलंस. रिचार्ज घ्यायला बरोबर आली असतीस.”

ती म्हणाली, “ताई, मायचा फोन होता.”

मी म्हटलं, “आया आम्हालाही आहेत.”

हिंमतराव काका तेवढे म्हणाले, “भाडेकरूंना सोसायटीची शिस्त नसतेच.” मुक्ताईने सतरंजीवरची आपली पिशवी उचलली आणि गेली. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१९ जानेवारी, सोमवार

सोसायटीच्या मोबाइल ग्रुपवर हिंमतराव काकांनी सकाळी टाकलं: ‘कालच्या बेशिस्तीचा निषेध.’ त्याखाली सात जणांचे अंगठे. मग ओळ आली की मुक्ताईला ग्रुपमधून काढलं आहे.

मी हे सांगितलं नव्हतं. पण ‘करू नका’ असंही म्हटलं नाही.

आई माझ्याशी बोलत नाही. डबा दिला, त्यावर झाकण इतकं घट्ट लावलं की ऑफिसात चमच्याने उचकटावं लागलं.

२१ जानेवारी, बुधवार

तीन दिवस प्रोग्रॅम उलटासुलटा तपासतेय. एखादा फोन मध्येच निघून गेला तर त्याचे तुकडे दुसऱ्याला द्यायचे, हे मी आधीपासूनच लिहिलेलं होतं. ते चालतंही. ऑफिसात चार फोनांतला कुठलाही उचलून नेला तरी चित्र हलत नाही. मग गच्चीवर एका फोनने काय झालं?

अनिरुद्ध म्हणाला, “किती कोणी दिलं ते दिसत असतं तर...” मी त्याच्याकडे पाहिलं. तो चहा सांगायला उठला. शहाणा आहे.

उत्तर नाही. तीन दिवस उरलेत. मी मुक्ताईवर आणखी चिडलेय, कारण तिच्यावर चिडणं सोपं आहे.

२२ जानेवारी, गुरुवार

सकाळी रस्त्यावर खोदकाम. गेल्या महिन्यात डांबर टाकलेला रस्ता. पुण्यात रस्ता करतात तोच मुळी खणायला. कुणाची तरी केबल तुटली आणि इमारतीत हाहाकार. पप्पा गॅलरीत फोन आकाशाकडे धरून उभे. समोरच्या गॅलरीत दुसरे काका तसेच. हिंमतराव काका एक फोन उजव्या, एक डाव्या हातात घेऊन गच्चीवर चढलेले. “रेंज गेली, रेंज गेली!” माझाही फोन मेलेला. अख्ख्या इमारतीत एकही फोन चालेना.

मी ऑफिसला निघाले. पहिल्या मजल्याच्या वळणावर मुक्ताई उभी होती, फोन कानाला. नागोरावशी बोलत होती. “येतानी मेथी आणजा. अन् हिरव्या मिरच्या.”

मला बघून तिने आवाज खाली केला आणि भिंतीला टेकून वाट दिली. मी पुढे गेले. चार पायऱ्या उतरले आणि तिथेच बसले, जिन्यावर, ऑफिसच्या कपड्यांत.

तिचा चालू होता. आमचे सगळे बंद.

चौदा फोन कधी नव्हतेच. दोन होते. एक मुक्ताईचा, आणि एक आम्हा तेरा जणांचा मिळून. तेराही फोन पप्पांच्या योजनेतले, एकाच कंपनीचे, कोपऱ्यावरच्या एकाच टॉवरवर, ज्याची केबल आज तुटली. एकाच नळाखाली आम्ही तेरा बादल्या मांडल्या होत्या आणि वरून विचारत होतो, पाणी वाढत का नाही? ऑफिसात चाललं, कारण तिथले चार फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे होते. गच्चीवर मुक्ताई आली तेव्हा चित्र आलं. ती गेली तेव्हा गेलं. ते तिने बिघडवलं नव्हतं. ते तिच्या एकटीच्या, पीठ लागलेल्या, जुन्या फोनच्या जोरावर चाललं होतं.

आणि तिलाच मी ते सगळं बोलले.

‘कुठले फोन आहेत’ म्हणून अनिरुद्धने विचारलं होतं, त्याला मी मोजता येतं म्हणून सांगितलं. इंजिनियर आहे मी! एका टॉवरवर किती माणसं मावतात हे मला कॉलेजात शिकवलंय, त्यावर परीक्षेत मार्क मिळालेत. माझ्याच घरात, माझ्याच बापाने, दोन वर्षं रोज कौतुकाने सांगितलेली गोष्ट मला दिसली नाही. आपली माणसं एक झाली, की त्यात कसली खोट असणार? पप्पांनाही तसंच वाटलं, मलाही.

पप्पांना सांगितलं. त्यांनी हातातला फोन उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाले, “म्हणजे एकीमुळेच बिघडलं?” मी म्हटलं, “नाही पप्पा, माझ्यामुळे.” रागाने म्हटलं, पण त्यांच्यावर नव्हता राग.

२४ जानेवारी, शनिवार

झालं. मॅडम आल्या, पाहिलं, हो म्हणाल्या.

बुधवार पेठेतच दाखवलं, दगडूशेठच्या बाजूच्या गल्लीत, शनिवारच्या गर्दीत. आसपासच्या दुकानांतले फोन घेतले. प्रत्येकाला आधी कंपनी विचारली, जशी रक्तदानाला गट विचारतात तशी. चित्र एकदाही थांबलं नाही. मुद्दाम दोघांना फोन घेऊन चहाला पाठवलं, तरी थांबलं नाही.

सरोजिनी मॅडमनी विचारलं, “यात खरी युक्ती कुठली?”

अनिरुद्ध म्हणाला, “वेगवेगळ्या कंपन्यांची मिसळ. पहिल्यापासून आमचा तोच विचार होता.”

पहिल्यापासून! मी जीभ चावली. मॅडम गेल्यावर म्हटलं, “पहिल्यापासून काय रे? गुरुवारी कळलं आपल्याला.”

“तुला गुरुवारी कळलं,” तो म्हणाला. “मी तेरा तारखेलाच विचारलं होतं.”

खरं होतं. त्यामुळे जास्तच संताप आला. त्याने पेढे आणले होते, मी घेतले नाहीत. वर्षभर ज्या दिवसाची वाट पाहिली तो हा दिवस, आणि मला कुणाच्या तरी कानाखाली ओढावीशी वाटत होती. माझ्याच.

२५ जानेवारी, रविवार

गुरुवारपासून जिन्यात मुक्ताई दिसली की मी चप्पल नीट करायला वाकत होते. तिच्या फोनची मला आता गरज उरली नाही, त्यामुळे जाणं आणखी अवघड होतं. गरज असती तर लाचार होऊन तरी गेले असते. आज चारला गेले.

दार तिने उघडलं. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी पाठ केलेलं बोलायला लागले. चूक माझी होती, तुझाच फोन चालत होता, आमचे तेरा कुचकामी होते. ती ऐकत होती आणि तिची नजर आतल्या खिडकीकडे होती. खिडकीत फोन ठेवलेला.

तो वाजला. मी अर्ध्या वाक्यात. तिने धावत जाऊन उचलला.

“हाव माय, बोल. जेवली का?... नाई वं, म्या नाई कापला त्या दिशी. रेंजच नव्हती... हाव, पुण्यात बी जाते रेंज.” तिकडची काहीतरी बोलत होती. “तू मारुतीच्या टेकाडापावतर चालत गेलती, माहीत हाये न् मले. मंग मी खाली येऊन लावला, पण तू निंगून गेली होती. पुढच्या ऐतवारी उचलतो, रागावू नको... इथं? इथं चांगलीच माणसं हायेत.”

मी दारात उभी होते. तिची आई फोन लागावा म्हणून टेकडी चढते, आठवड्यातून एकदा, रविवारी. त्या म्हातारीला ही सांगत होती की पुण्यात रेंज नव्हती. आम्ही रेंज विकणारी माणसं.

फोन ठेवून ती परत दारापाशी आली. “बोला ताई, तुमी काही म्हणत होत्या.”

मी म्हटलं, “माफ कर.” पाठ केलेलं एवढंच उरलं होतं.

ती चिडली नाही. चिडली असती तर मला जमलं असतं, भांडणात मी तयार आहे. सावकाश म्हणाली, “त्या दिशी गच्चीवर समदे होते, ताई. आज तुमी एकल्याच आल्या.”

मी खाली आले. पप्पांनी हॉलमधून फोन केला, चहा होतोय का. मी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि ओरडले, “मी इथे आहे, पप्पा! तोंडाने विचारा!” ते दचकले. बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.

२६ जानेवारी, सोमवार

सकाळी आठला झेंडावंदन. आमच्या सोसायटीत हा दिवस दिवाळीपेक्षा मोठा. पांढरे कपडे, रांगोळी, सगळ्यांनी मिळून मोठ्याने संविधानाची उद्देशिका वाचायची. पप्पा दरवर्षी ‘बंधुता’ या शब्दावर आवाज चढवतात, यंदाही चढवला.

मी रात्रीच ठरवलं होतं. वाचन संपलं तशी पुढे गेले आणि म्हटलं, मला दोन मिनिटं बोलायचंय. त्या रविवारी चूक मुक्ताईची नव्हती. आपले तेरा फोन असून नसल्यासारखे होते, चित्र तिच्या एकटीच्या फोनवर चाललं होतं. ती आईचा फोन घ्यायला गेली आणि मी तिला नाही नाही ते बोलले. तुम्ही सगळे ऐकत होतात, म्हणून आज तुमच्यासमोर तिची माफी मागते.

टाळ्या वाजल्या. टाळ्या! हिंमतराव काका म्हणाले, “याला म्हणतात मोठं मन.” एका काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी गर्दीत शोधत होते. मुक्ताई कुठे नव्हती. नागोरावही नव्हता.

“तिसऱ्या मजल्यावर कुणी सांगितलं नव्हतं का?” मी विचारलं.

हिंमतराव काका म्हणाले, “निरोप टाकला होता ना ग्रुपवर. झेंडावंदन सातऐवजी आठला.”

ग्रुपवर.

क्षणभर कुणालाच काही लक्षात आलं नाही. मग आईने तोंडावर पदर धरला.

मी म्हटलं, “काका, तिला आत्ता परत घ्या.”

“घेऊ की. संध्याकाळी निवांत घेतो.”

“आत्ता,” मी म्हटलं. इतक्या मोठ्याने, की जिलेब्यांचं ताट घेऊन फिरणारा माणूस थांबला. काकांनी चष्मा लावला, बोटं चाचपडली, घेतलं. सगळ्यांचे खिसे एकदम वाजले. मुक्ताई ग्रुपमध्ये आल्याची ओळ. पप्पा म्हणाले, “चला, झालं एकदाचं.” मी वर जायला निघाले, तिला स्वतः खाली आणायला.

पहिल्या मजल्यावर पोचले तेव्हा फोन पुन्हा वाजला. खाली अंगणातही सगळ्यांचे वाजले, तो आवाज जिन्यात वरपर्यंत आला. मी पाहिलं. मुक्ताई ग्रुपमधून बाहेर पडली होती. या वेळी तिला कुणी काढलं नव्हतं.

मी आणखी दोन मजले चढून गेले. दाराशी चपला होत्या, आत कुकरची शिट्टी झाली. बेल वाजवली नाही. खाली घरात आले तर आईने माझी जिलेबी झाकून ठेवली होती. मी ते ताट ओट्यावर आपटलं, आणि आज आई ‘वहीत लिही’ म्हणाली नाही.